अल्पुखाराच्या पाटाचे पाणी

अंदलुस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन इमारती येतात. एक कुर्तुबाची जामा मशीद आणि दुसरी गरनाताचा अलहम्बरा. अल्लामा इक्बाल १९३३ मध्ये कुर्तुबाला गेले आणि त्यानंतर ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ ही नज्म आली. उर्दू माध्यमात शिकलेल्या आमच्या मागच्या पिढीने नसीम हिजाझींच्या कादंबऱ्यांतून गरनाताच्या पाडावाची कहाणी वाचली आणि डोळे पुसले. या सगळ्या आठवणींमध्ये सुलतान आहेत, वजीर आहेत, फितुरी आहे, शेवटच्या राजाचा उसासा आहे. पण या मुलखात शेती करणारा, रेशमाचे किडे पाळणारा, बारी आली की रात्री उठून पाणी धरणारा सामान्य मुसलमान कुठे आहे?

तो शोधायचा असेल तर अलहम्बराच्या रांगेतून बाहेर पडून डोंगराकडे जावे लागते. गरनातापासून बसने सुमारे अडीच तासांवर सिएरा नेवादा पर्वताच्या दक्षिण उतारावर अल्पुखारा नावाचा प्रदेश आहे. तिथे पोकेइरा नावाच्या खोल दरीच्या कडेला एकाखाली एक अशी तीन गावे चिकटलेली दिसतात. वर कापिलेइरा, मध्ये बुबियोन, खाली पाम्पानेइरा. मी बुबियोनमध्ये चार दिवस राहिलो. समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर उंचीवरचे, जेमतेम तीनशे वस्तीचे हे गाव. डोक्यावर मुलासेनचे शिखर, स्पेनच्या मुख्य भूमीवरचे सर्वांत उंच, जवळपास ३,४८० मीटर. हे नाव ‘मौले हसन’चा अपभ्रंश आहे. गरनाताचा शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह, ज्याला स्पॅनिश लोक बोआब्दिल म्हणतात, त्याचे वडील अबुल हसन अली. या बापाची कबर त्या शिखरावर बर्फाखाली आहे, अशी दंतकथा आहे. मुसलमान गेले, पण मुख्य भूमीवरच्या सर्वांत उंच डोंगराला नाव त्यांच्याच सुलतानाचे राहिले.

माळवदाची घरे

बुबियोनच्या गल्लीत शिरलो आणि पहिल्यांदा आठवला तो मराठवाडा. घरांना कौले नाहीत. सपाट धाबी आहेत. खाली चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया, त्यांवर दगडी फरश्या आणि त्यांवर ‘लाउना’ नावाच्या करड्या-निळसर चिकणमातीचा थर. ही माती पाणी धरते, पण खाली गळू देत नाही. आपल्याकडे माळवदावर पांढरी माती टाकतात, पावसाळ्याआधी तिची डागडुजी करतात, तसाच हा प्रकार. धाब्यावर अंजीर, मिरच्या, मका वाळत घालायचा हीही तीच रीत. एका घराचे धाबे म्हणजे वरच्या घराचे अंगण, इतकी घरे एकमेकांच्या अंगावर रचलेली. काही ठिकाणी घराचा वरचा मजला गल्लीवरून पलीकडे जातो आणि खाली सावलीचा बोळ तयार होतो. त्याला ‘तिनाओ’ म्हणतात. मोरोक्कोच्या अ‍ॅटलस पर्वतातल्या बर्बर गावांची छायाचित्रे शेजारी ठेवली तर दोन्ही गावे एकाच गवंड्याने बांधल्यासारखी वाटतात. संपूर्ण स्पेनमध्ये सपाट मातीच्या धाब्यांची अशी गावे फारच थोडी आहेत.

गावाच्या मध्यभागी चर्च आहे. या भागातल्या गावोगावी मशिदींच्या जागी सोळाव्या शतकात चर्च उभी राहिली. गंमत अशी की ती बांधणारे गवंडी आणि सुतार बऱ्याचदा स्थानिकच होते. त्यामुळे अनेक चर्चची लाकडी छते मशिदी-महालांच्या छतांसारखी, भौमितिक नक्षीत गुंफलेली आहेत. या शैलीला ‘मुदेखार’ म्हणतात. हा शब्दही अरबी ‘मुदज्जन’वरून आला. ख्रिस्ती राजवटीत मागे राहिलेल्या मुसलमानाला हे नाव होते. ‘माणसाळवलेला’ असा त्याचा अर्थ.

पाट, पाळी आणि पाटकरी

या गावाचा खरा वारसा मात्र दगडात नाही, पाण्यात आहे. बुबियोनहून वर चढत गेले की डोंगराच्या उताराला समांतर वाहणारे अरुंद पाट लागतात. स्पॅनिशमध्ये पाटाला ‘असेकिया’ म्हणतात. मूळ अरबी शब्द ‘अस्-साकिया’. हौदाला ‘अल्बेर्का’, म्हणजे ‘अल्-बिर्का’. टाक्याला ‘अल्खिबे’, म्हणजे ‘अल्-जुब’. रहाटाला ‘नोरिया’, म्हणजे ‘नाऊरा’. बंधाऱ्याला ‘असूद’, म्हणजे ‘अस्-सुद’. पाण्याचा व्यवहार करायचा तर आजही स्पॅनिश शेतकऱ्याला अरबी बोलावेच लागते.

या पाटांमध्ये एक प्रकार विलक्षण आहे. त्याला ‘कारेओ’चे पाट म्हणतात. वसंतात सिएरा नेवादावरचे बर्फ वितळू लागते. ते पाणी ओढ्यातून थेट खाली गेले तर काही आठवड्यांत समुद्राला मिळेल आणि उन्हाळ्यात गावे कोरडी पडतील. म्हणून उंचावरच ओढ्याचे पाणी वळवून पाटाने डोंगरभर फिरवायचे आणि जिथे खडक भेगाळलेला, जमीन पाणी पिणारी असेल तिथे मुद्दाम सोडून द्यायचे. ते पाणी जमिनीत मुरते, खडकातून सावकाश उतरते आणि कित्येक आठवड्यांनी खालच्या गावांजवळ झऱ्यांतून बाहेर येते, नेमके पिकाला पाणी लागते तेव्हा. आज आपण ज्याला भूजल पुनर्भरण म्हणतो, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ म्हणून भिंतीवर रंगवतो, ते या डोंगरात हजार वर्षांपासून चालू आहे. त्यासाठी सिमेंट नाही, पंप नाही. खडकाचे ज्ञान आणि उताराचा अंदाज एवढेच भांडवल.

पाणी कोणाला किती वेळ मिळणार हे पाळीने ठरते. पाळी सांभाळायला माणूस नेमलेला असतो, ‘असेकियेरो’. आपल्या खानदेशातल्या फड पद्धतीचा पाटकरी ज्याने पाहिला आहे त्याला वेगळे समजवावे लागणार नाही. पाटाची साफसफाई वाटेकऱ्यांनी मिळून करायची, गळती शोधायची, भांडण झाले तर आपसात मिटवायचे. वलेन्सियात तर पाण्याचे न्यायालय आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी उघड्यावर बसते. निवाडा तोंडी होतो आणि लगेच होतो. युनेस्कोने २००९ मध्ये त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. आपल्या औरंगाबादच्या नहर-ए-अंबरीमागे जी जलविद्या होती, तिचीच ही पश्चिमेकडची शाखा. इराण, अरबस्तान, मगरिब, अंदलुस आणि दख्खन एकाच ज्ञानाने जोडलेले होते. मलिक अंबरने खडकीत पाणी आणले ते याच परंपरेच्या बळावर.

मधल्या काळात तरुण शहरांकडे गेले आणि पाट बुजू लागले. गेल्या दशकात गरनाता विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ होसे मारिया मार्टिन सिवांतोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवक व गावकऱ्यांना सोबत घेऊन जुने पाट पुन्हा मोकळे करायला सुरुवात केली. जवळच्या कान्यार गावचा, कित्येक वर्षे कोरडा पडलेला पाट असाच फावड्या-कुदळीने वाहता झाला. दुष्काळाने स्पेनला ग्रासले आहे आणि आता मध्ययुगीन मुसलमान शेतकऱ्याची युक्ती नव्याने शिकली जात आहे.

वांगे आणि काकवी

या भागातल्या खानावळीत एक पदार्थ हमखास मिळतो, तळलेली वांगी आणि त्यांवर उसाची काकवी. वांग्याला स्पॅनिशमध्ये ‘बेरेन्खेना’ म्हणतात. हे अरबी ‘बादिंजान’. ते फारसीतून आले आणि त्याचे मूळ आपल्याकडच्या वांग्याच्याच जुन्या नावात सापडते. साखर म्हणजे ‘असूकार’, अरबी ‘अस्-सुक्कर’, मूळ संस्कृत ‘शर्करा’. संत्रे म्हणजे ‘नारान्खा’, आपले नारिंग. ऊस, वांगे, नारिंग भारतातून निघाले, अरब व्यापारी आणि शेतकऱ्यांच्या हाताने भूमध्य समुद्र ओलांडून गरनाताच्या किनाऱ्यावर रुजले. आणि आपण मराठीत ज्याला ‘फलाणा’ म्हणतो त्याला स्पॅनिश माणूस ‘फुलानो’ म्हणतो. दोघांनीही तो अरबीतून उचलला. शब्दांना व्हिसा लागत नाही, हे अशा वेळी पटते.

तह आणि त्याचे काय झाले

मग ही माणसे गेली कुठे? २ जानेवारी १४९२ रोजी गरनाता फर्नांदो आणि इसाबेल या राजा-राणीच्या स्वाधीन झाले. त्याआधी नोव्हेंबर १४९१ मध्ये तह झाला होता. मुसलमानांना त्यांचा धर्म, मशिदी, काझी, भाषा आणि मालमत्ता राखता येईल, असे त्यात लिहून दिले होते. बोआब्दिलला अल्पुखारात जहागीर मिळाली. पुढच्याच वर्षी, १४९३ मध्ये, तो मोरोक्कोला निघून गेला. रयत इथेच राहिली.

पहिला आर्चबिशप तालावेरा सबुरीचा होता. त्याने आपल्या पाद्र्यांना अरबी शिकायला लावले. पण १४९९ मध्ये कार्डिनल सिस्नेरोस आला आणि सामूहिक बाप्तिस्मे सुरू झाले. अरबी ग्रंथांची होळी झाली. वैद्यकाची पुस्तके तेवढी वाचवली गेली. लोकांनी बंड केले आणि बंड केले म्हणून तह मोडला असे जाहीर झाले. १५०२ पर्यंत कास्तिलच्या राज्यातल्या मुसलमानांपुढे दोनच पर्याय उरले, बाप्तिस्मा घ्या किंवा देश सोडा. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना ‘मोरिस्को’ हे नाव पडले.

या काळात उलेमांमध्ये जो वाद झाला तो मला आजही अस्वस्थ करतो. फेसचे मोठे फकीह अल्-वन्शरीसी यांचे मत होते की मुसलमानाने अशा मुलखात राहूच नये, हिजरत फर्ज आहे. पण हिजरतीला जहाजाचे भाडे लागते, म्हातारे आईबाप खांद्यावर घ्यावे लागतात, बापजाद्यांची जमीन सोडावी लागते. १५०४ मध्ये दुसरे एक आलिम, मूळ ओरानचे अल्-वहरानी, यांनी अंदलुसच्या मुसलमानांना वेगळाच फतवा पाठवला. दिवसा नमाज पढता येत नसेल तर रात्री पढा. उघड पढता येत नसेल तर इशाऱ्याने पढा. वुजू करता येत नसेल तर भिंतीला हात लावून तयम्मुम करा. जबरदस्तीने निषिद्ध खायला लावले तर मनात त्याला हरामच माना. अल्लाह नियत पाहतो. पहिल्या फतव्यात तत्त्व होते, दुसऱ्यात माणूस होता. ज्यांना घर सोडता येत नव्हते त्यांच्यासाठी तो लिहिलेला होता आणि मोरिस्कोंनी तो पिढ्यान्‌पिढ्या लपवून जपला.

कपडे, भाषा आणि एका म्हाताऱ्याचा अर्ज

१ जानेवारी १५६७ रोजी दुसऱ्या फिलिपचा हुकूम गरनातात जाहीर झाला. तीन वर्षांत सर्वांनी कास्तिलियन शिकावी, त्यानंतर अरबी बोलणे आणि लिहिणे गुन्हा. पारंपरिक पोशाख बंद. बायकांनी चेहरा झाकू नये. हमाम बंद. अरबी नावे बंद. लग्नातला ‘झाम्ब्रा’ नाच-गाणे बंद. शुक्रवारी आणि सणाच्या दिवशी घराची दारे उघडी ठेवावीत, म्हणजे आत काय चालते ते दिसेल.

फ्रान्सिस्को नुन्येझ मुले नावाच्या एका वयोवृद्ध मोरिस्को उमरावाने या हुकमाविरुद्ध न्यायसभेच्या अध्यक्षांकडे लेखी अर्ज केला. तो अर्ज आज उपलब्ध आहे आणि तो वाचताना हा माणूस किती साध्या तर्काने बोलतो याचे नवल वाटते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : आमचा पोशाख हा मुलखाचा पोशाख आहे, धर्माचा नाही. मोरोक्कोचे आणि तुर्कस्तानचे मुसलमान आमच्यासारखे कपडे घालत नाहीत. पूर्वेकडचे ख्रिस्ती अरबी बोलतात, अरबीत प्रार्थना करतात, म्हणून ते कमी ख्रिस्ती ठरतात काय? खेड्यातल्या म्हाताऱ्यांनी तीन वर्षांत परकी भाषा कशी शिकावी? जुनी नावे पुसली तर कोण कोणाच्या वंशातला हे कसे कळणार? हमाम अंग धुण्यासाठी असतो. आणि झाम्ब्रा तर तालावेरांच्या काळी चर्चच्या मिरवणुकीतही वाजत असे.

अर्ज फेटाळला गेला. भाषा मारण्यासाठी तीन वर्षांची मुदत देण्याची ही पद्धत पुढे आपल्या किनाऱ्यावरही आली. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, तेव्हाही मुदत तीन वर्षांचीच होती. तिथे तर हुकूम ज्यांच्यावर होता ते ख्रिस्तीही होते. म्हणजे प्रश्न फक्त धर्माचा कधीच नव्हता.

बंड

१५६८ च्या नाताळच्या सुमारास अल्पुखारा पेटला. बुबियोनच्या पूर्वेला असलेल्या वालोर गावच्या घराण्यातला एर्नांदो दे वालोर बंडाचा राजा झाला. स्वतःला उमय्या वंशाचा म्हणवून त्याने ‘इब्न उमय्या’ हे नाव घेतले. स्पॅनिशमध्ये तो ‘आबेन उमेया’. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बंडखोरांनी पहिल्या काही दिवसांत अल्पुखारातले पाद्री आणि ख्रिस्ती शेजारी क्रूरपणे मारले. चर्च जाळली. आपल्या बाजूच्या इतिहासात हे पान सहसा गाळले जाते. दुसऱ्या बाजूने सैन्याने गावे लुटली, बायका-मुले गुलाम म्हणून बाजारात विकली. १५७० मध्ये गालेरा हे गाव पडल्यावर तिथे मोठी कत्तल झाली आणि गाव जमीनदोस्त केले गेले. आबेन उमेयाला १५६९ मध्ये त्याच्याच लोकांनी मारले. त्याच्यानंतर आलेला आबेन आबोही १५७१ मध्ये तसाच संपला.

नोव्हेंबर १५७० पासून गरनाता राज्यातल्या मोरिस्कोंना बाहेर काढले गेले. बंडात असलेले आणि नसलेले, दोघांनाही. एकूण सुमारे ऐंशी हजार माणसे हिवाळ्यात पायी कास्तिलच्या मैदानांकडे हाकली गेली. थंडी, भूक आणि तापाने वाटेत हजारो मेली. रिकाम्या गावांत उत्तरेकडून, गालिसिया, लेओन, आस्तुरियास वगैरे भागांतून, बारा हजारांहून अधिक ख्रिस्ती कुटुंबे आणून वसवली. त्यांना घर, शेत, तुतीची झाडे वाटून दिली. पण डोंगरउतारावर पाण्याची पाळी कशी चालते, रेशमाचा किडा कसा पाळतात, हे त्यांना कोण शिकवणार? अल्पुखारात सांगतात की नव्या लोकांना शिकवण्यासाठी गावात एक-दोन मोरिस्को कुटुंबे मुद्दाम ठेवून घेतली होती. रेशीम तरीही पूर्वीसारखे राहिले नाही. पाट मात्र राहिले.

पुढे १६०९ ते १६१४ या काळात संपूर्ण स्पेनमधून सुमारे तीन लाख मोरिस्को हद्दपार झाले. ते ट्युनिस, तेतुआन, रबात-सले, अल्जीरिया इथे गेले. तिथे पुष्कळांना ‘हे स्पॅनिश बोलतात, यांचे कपडे स्पॅनिश, हे कसले मुसलमान’ असे ऐकावे लागले. स्पेनमध्ये ते परके आणि मगरिबातही परके.

जत्रा आणि हॅम

वालोरला दर सप्टेंबरात जत्रा भरते. गावकरीच ‘मूर’ आणि ‘ख्रिस्ती’ असे दोन गट करतात, भरजरी पोशाख घालतात, संवाद म्हणतात, बंदुकांचे बार काढतात. शेवटी मूर हरतात आणि ख्रिस्ती होतात. जत्रेत मूर होण्याची हौस ख्रिस्ती होण्यापेक्षा कमी नसते. दोन्ही भूमिका करणाऱ्यांची घरे त्याच पाटाचे पाणी पितात.

वालोरच्या रस्त्यावरचे त्रेवेलेस हे गाव डुकराच्या खारवलेल्या मांसासाठी, हॅमसाठी, देशभर प्रसिद्ध आहे. उंचावरची कोरडी थंड हवा त्याला मानवते. दुकानादुकानात छताला मांड्या टांगलेल्या असतात. त्यांच्याखालून चालताना आठवते की इन्क्विझिशनच्या काळात डुकराचे मांस न खाणे हा छुपा मुसलमान किंवा छुपा यहुदी असल्याचा पुरावा मानला जाई. शेजारी तक्रार करीत. दारात टांगलेली मांडी हे कित्येक घरांचे संरक्षणपत्र होते. ताटात काय आहे यावरून माणसाची निष्ठा मोजण्याचा खेळ नवा नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

मागे काय राहिले

आरागोनमधल्या आल्मोनासिद दे ला सिएरा या दुसऱ्या एका खेड्यात १८८४ मध्ये जुने घर पाडताना खोट्या तक्तपोशीखाली दडवलेली हस्तलिखिते सापडली. लिपी अरबी, पण भाषा स्पॅनिश. तिथले मोरिस्को अरबी विसरले होते. त्यांनी दुआ, फिक्ह, नबींच्या कथा आपल्या मातृभाषेत, म्हणजे स्पॅनिशमध्ये, लिहिल्या आणि लपवल्या. नुन्येझ मुलेने अरबी भाषा म्हणजे इस्लाम नव्हे, असे सांगितले होते. या हस्तलिखितांनी स्पॅनिश भाषा म्हणजे ख्रिस्ती धर्म नव्हे, हेही दाखवून दिले. मराठीत विचार करणाऱ्या, मराठीत दुआ मागणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला ही माणसे फार जवळची वाटतात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ग्रंथ लिहिले, तेव्हा त्यांना ते जमिनीखाली दडवावे लागले नाहीत, ही आपल्या मातीची पुण्याई. ती टिकवणे आपल्या सर्वांच्या हातात आहे.

स्पेनने २०१५ मध्ये कायदा करून १४९२ मध्ये हाकललेल्या यहुद्यांच्या वंशजांना नागरिकत्वाचा मार्ग खुला केला. ते योग्यच झाले. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी असा कायदा झाला नाही. गरनातात दर २ जानेवारीला शहर ताब्यात घेतल्याचा सोहळा होतो आणि दरवर्षी त्यावरून वादही होतो. आता अनेक स्पॅनिश नागरिकच विचारतात की हा विजय नेमका कोणावर होता? कारण मोरिस्को बाहेरचे नव्हते. त्यांतले बहुसंख्य याच मातीतल्या, कधीकाळी इस्लाम स्वीकारलेल्या लोकांचे वंशज होते. आठशे वर्षे जमीन कसल्यावर त्यांना ‘तुम्ही आमचे नाही’ असे सांगण्यात आले.

अंदलुसला जाणाऱ्या मराठी माणसाने कुर्तुबा आणि अलहम्बरा जरूर पाहावे. पण दोन दिवस या खेड्यांसाठी राखून ठेवावेत. एप्रिल-मेमध्ये जावे, तेव्हा बर्फ वितळत असते आणि वरचे पाट भरून वाहतात. बुबियोनमध्ये उतरून पाटाच्या कडेने पायवाट धरावी. वाटेत कुठे फलक नसतो, तिकीट नसते. फक्त पाण्याचा आवाज असतो आणि ज्यांनी तो पाट खणला त्यांचे नाव कुठेही लिहिलेले नसते.